यानातली एकच वजनशून्य जागा

सप्तशृंगगड चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं वजन घटतं. घाम गाळून घटतं ते वेगळं. इथे बोलायचं आहे ते गुरुत्वाकर्षणामुळे घटणाऱ्या वजनाबद्दल. पृथ्वीच्या केंद्रापासून जितकं दूर जावं तितकी तिची ओढ सैलावते. शंभर मीटर उंची चढली की साठ किलोचा माणूस जेमतेम दोन ग्रॅमनं हलका होतो. वणी गावातून निघावं, नांदुरीचा घाट चढून गडावर यावं, ट्रॉलीनं नाहीतर पायऱ्यांनी देवीपुढे उभं राहावं. एवढ्या खटाटोपानंतर गेलेलं वजन ग्रॅमांतच मोजावं लागेल. तेही तागडीला कळणार नाही, कारण तागडीत माणूस आणि वजनाची मापं दोन्ही सारखीच हलकी होतात. त्यासाठी स्प्रिंगचा काटा हवा आणि तो विलक्षण नाजूक हवा.

आता हाच चढ वर वर वाढवत नेऊ. गडाच्या पायऱ्या आकाशात ४०० किलोमीटरपर्यंत गेल्या आहेत अशी कल्पना करा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण याच उंचीवरून फिरतं. या शेवटच्या पायरीवर साठ किलोच्या माणसाचं वजन किती भरेल? बहुतेकांचं उत्तर शून्य असतं. खरं उत्तर आहे ५३ किलो. पृथ्वीची ओढ तिथेही जमिनीवरच्या ओढीच्या ८८ टक्क्यांहून थोडी जास्तच आहे. त्या पायरीवरून पाय घसरला तर माणूस तरंगत राहणार नाही, सरळ खाली कोसळेल.

आणि तरी त्याच उंचीवर भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला तरंगत होते. २५ जून २०२५ ला निघून दुसऱ्या दिवशी ते स्थानकावर पोहोचले आणि १५ जुलैला परतले. तिथे त्यांनी मूग आणि मेथीचे दाणे भिजवून मोड आणले. गुरुत्वाकर्षण जवळपास पूर्ण शाबूत असलेल्या ठिकाणी माणूस, पाणी आणि मेथीचे दाणे अधांतरी कसे राहतात?

कारण ते सगळे पडत असतात. सप्तशृंगाच्या कड्यावरून कळवणच्या बाजूला एक दगड आडवा फेकला तर तो वळण घेत खाली जाईल. जोरात फेकला तर आणखी पुढे जाऊन पडेल. पहिल्या सेकंदात प्रत्येक दगड पाच मीटर पडतो, मग तो कितीही वेगानं फेकलेला असो. पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटर पुढे गेलं की तिचा पृष्ठभागही तेवढाच, पाच मीटर, खाली वळलेला असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर वेगानं दगड फेकला आणि वाटेत हवा नसली, तर तो पडत राहील आणि जमीन तेवढीच त्याच्याखालून वाकत राहील. तो कधी टेकणारच नाही. हा विचार न्यूटननं सतराव्या शतकात डोंगरमाथ्यावरच्या तोफेचं चित्र काढून मांडला होता. उपग्रह म्हणजे असा सतत पडणारा आणि सतत चुकणारा दगड. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असतो. वणी ते नाशिक हे अंतर ते सहा-सात सेकंदांत ओलांडतं.

आपल्याला वजन जाणवतं ते पृथ्वी ओढते म्हणून नव्हे, जमीन अडवते म्हणून. यान, आतला माणूस आणि मेथीचा दाणा एकाच गतीनं पडत असले तर कुणी कुणाला अडवत नाही. पटत नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण न लावता ती माडीवरून खाली सोडा. हातात धरलेली असताना जी धार वाहत होती, ती बाटली सुटताक्षणी थांबते आणि जमिनीवर आपटेपर्यंत थांबलेलीच राहते.

इथवरचं बहुतेक शालेय पुस्तकांत सापडतं. पुस्तक इथेच थांबतं आणि यानात वजन शून्य असतं असं सांगून मोकळं होतं. माझ्या मते खरी गंमत याच्या पुढे सुरू होते, कारण ते शून्य यानात जवळजवळ कुठेच नसतं.

शून्य मिळायला अट कडक आहे: यानातली प्रत्येक वस्तू आणि स्वतः यान, सगळ्यांनी तंतोतंत सारखं पडलं पाहिजे. ही अट मोडणाऱ्या गोष्टी बारीक आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

पहिली हवा. ४०० किलोमीटरवर आपण जिला हवा म्हणू असं काही उरलेलं नसतं, पण अगदीच काही नसतं असंही नाही. तुरळक अणू-रेणू असतात आणि स्थानक त्यांच्यावर प्रचंड वेगानं आदळत जातं. ही हवा बाहेरून यानाच्या अंगाला लागते. आत तरंगणाऱ्या पेन्सिलीला लागत नाही. घाटात एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे झुकतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त ब्रेक अतिशय हलका. जमिनीवरच्या गुरुत्व त्वरणाला एक जी म्हणतात. स्थानकाला हवेमुळे बसणारा ब्रेक त्याच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका असतो. सूर्य तापलेला असला तर जास्त, शांत असला तर कमी. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. स्थानकाच्या मध्याजवळ पेन्सिल अगदी स्थिर सोडा आणि पाहत राहा. मिनिटभरात ती पुढच्या भिंतीच्या दिशेनं दीड-दोन मिलिमीटर सरकते. दहा मिनिटांत पंधरा-एक सेंटीमीटर.

हाच कोटीवा भाग महिनोन्‌महिने साचत गेला की काय होतं ते जुन्या वाचकांना आठवत असेल. १९७९ साली ‘स्कायलॅब पडणार’ या बातमीची आपल्याकडे केवढी धास्ती होती! अमेरिकेचं ते ७७ टनांचं स्थानक मे १९७३ मध्ये सुमारे ४३५ किलोमीटरवर सोडलेलं होतं. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथून परतले. नंतर स्पेस शटल पाठवून त्याला वर ढकलायचा बेत होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापला, वरचं वातावरण फुगलं, ब्रेक घट्ट झाला, आणि शटल तयार होण्याआधीच ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब खाली आलं. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. आजचं स्थानकही दिवसाला शंभर मीटरच्या आसपास खाली घसरत असतं, आणि म्हणून त्याला अधूनमधून इंजिनं लावून वर ढकलावं लागतं.

यात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. हवेनं अडवलेल्या यानाचा वेग कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो. ४०० किलोमीटरवर वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर असतो, घसरून ३५० वर आलं की ७.७० होतो. अडथळ्यानं यान खालच्या कक्षेत उतरतं आणि उतरताना पृथ्वीची ओढ त्याला जितका वेग देते, तो हवेनं खाल्लेल्या वेगापेक्षा जास्त भरतो.

दुसरी गोष्ट हवेपेक्षा चमत्कारिक आहे, कारण तिला बाहेरचं काहीच लागत नाही. कक्षा असते ती यानाच्या गुरुत्वमध्याची. यान किती वेगानं फिरेल हे त्या एका बिंदूच्या उंचीवरून ठरतं आणि बाकीचं सगळं यान त्या बिंदूला बांधलेलं असल्यामुळे फरफटत जातं. गुरुत्वमध्यापेक्षा एक मीटर वर असलेल्या पेन्सिलीवर पृथ्वीची ओढ किंचित कमी असते, तिला तिथे थोडं सावकाश फिरायला हवं असतं. यान मात्र तिला आपल्या वेगानं नेत असतं. म्हणून सोडल्यावर ती आणखी वर निघते. एक मीटर खाली सोडलेली पेन्सिल खाली निघते. हा परिणाम दर मीटरला एक जीच्या साधारण पंचवीस लाखाव्या भागाइतका आहे, म्हणजे हवेच्या ब्रेकच्या चौपट. वर एक मीटरवर सोडलेली वस्तू पाच मिनिटांत सतरा सेंटीमीटर आणखी वर गेलेली दिसेल.

बाजूला मात्र उलटा खेळ. गुरुत्वमध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे सोडलेली वस्तू दूर जात नाही, मध्याकडे येते. तिची स्वतःची एक तिरकी कक्षा असते आणि ती यानाच्या कक्षेला दर फेरीत दोनदा छेदते. स्थानकाची एक फेरी साधारण ९२ मिनिटांची, म्हणून वाटेत भिंत आली नाही तर ही वस्तू २३ मिनिटांत मध्यरेषेवर पोहोचेल, पलीकडे जाईल आणि परत येईल. जपानची किबो ही प्रयोगशाळा स्थानकाच्या एका अंगाला आहे, युरोपची कोलंबस दुसऱ्या अंगाला. दोन्हीकडे सोडलेल्या वस्तू, अगदी हळू, एकमेकींच्या दिशेनं निघतात. वरच्या मजल्यावर ‘खाली’ म्हणजे छताकडे, खालच्या मजल्यावर जमिनीकडे, बाजूच्या खोल्यांत मधल्या दाराकडे! एकाच घरात इतक्या दिशांना वजन असतं आणि सगळं मिळून शून्याची म्हणावी अशी जागा एकच, गुरुत्वमध्यातून यानाच्या वाटेच्या दिशेनं जाणारी रेषा. तीही हवेच्या ब्रेकमुळे चोख राहत नाही. शिवाय मालवाहू यान येऊन जोडलं गेलं, कुणी सामान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं, की ती जागाच सरकते.

तिसरी गोष्ट माणूस. आतून कितीही ढकललं तरी एकूण गुरुत्वमध्याची वाट बदलत नाही, हा न्यूटनचा नियम तिथेही लागू आहे. पण स्थानकाच्या भिंतींना तो दिलासा पुरत नाही. पाच किलोचं ओझं उचलायला लागेल एवढ्या जोरानं अंतराळवीरानं भिंतीला ढकललं, तर चारशे टनांहून जड असलेल्या त्या स्थानकाला तेवढ्यापुरतं जे त्वरण मिळतं ते हवेच्या ब्रेकच्या शंभरपट भरतं. समोरच्या भिंतीवर हात टेकून तो थांबला की उलट दिशेनं तेवढाच झटका. पंखे, पंप, दारं, खोकला, सगळ्यांची नोंद होत असते. नोंद करणारी यंत्रणा नासाच्या क्लीव्हलँडमधल्या ग्लेन संशोधन केंद्रानं बसवली आहे; सॅम्स नावाची तिची त्वरणमापकं स्थानकावर २००१ पासून चालू आहेत. त्यांच्या आलेखांत दिवस-रात्र स्पष्ट ओळखू येते. मंडळी झोपली की रेघ शांत होते, उठली की थरथरू लागते.

१६ एप्रिल २००७ ला अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांनी बॉस्टन मॅरेथॉन स्थानकावरच पूर्ण केली, ट्रेडमिलवर, पट्ट्यांनी स्वतःला खाली बांधून, जवळजवळ साडेचार तास धावून. ही ट्रेडमिल जमिनीला घट्ट ठोकलेली नव्हती. कंपनं स्थानकाच्या अंगात उतरू नयेत म्हणून ती मुद्दाम सैल, झेलून धरलेली होती. तशी सोय नसती तर प्रत्येक पाऊल शेजारच्या प्रयोगांत जाऊन वाजलं असतं.

इंजिनं लावून स्थानक वर ढकलतात तेव्हा तर विचारू नका. दहा मिनिटांत वेग सेकंदाला एक मीटरनं वाढवायचा तर त्वरण एक जीच्या सहा हजाराव्या भागाइतकं होतं. जमिनीवर ते कुणाला जाणवणार नाही. तिथे मात्र मोकळ्या वस्तू आणि माणसं संथपणे मागच्या भिंतीशी जमू लागतात.

एवढ्या बारकाव्यांची फिकीर करायची कशासाठी? दिंडोरी तालुक्यातल्या वायनरीत द्राक्षांचा रस आंबला की त्यातलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. तळाशी बसणं, गरम झालेलं वर चढणं, बुडबुड्यांनी पृष्ठभाग गाठणं, ही सगळी वजनाची कामं आहेत. वजन कमी केलं की ती थांबत नाहीत, रेंगाळतात. जो सूक्ष्म कण जमिनीवर एका सेकंदात तळ गाठतो, त्याला कोटीव्या भागाच्या गुरुत्वात एक कोटी सेकंद लागतील. म्हणजे ११६ दिवस. तेवढ्या काळात शास्त्रज्ञ एखादा स्फटिक वाढवू शकतो, जो जमिनीवर गाळ आणि प्रवाहांमुळे वेडावाकडा झाला असता. मेणबत्तीची ज्योतही तिथे वर ताणली जात नाही, निळसर गोळा होऊन राहते. पण हे सगळं कुठल्या दिशेच्या, किती वजनात घडलं हे माहीत नसेल तर प्रयोगाचा अर्थ लावताच येत नाही. म्हणून प्रयोगाच्या निकालाइतकाच त्या थरथरत्या रेघेला मान असतो.

आपल्या इस्रोनं यासाठी एक काटकसरीची युक्ती काढली आहे. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर निकामी होतो. त्यालाच प्रयोगांचा फलाट करायचं. ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री श्रीहरिकोट्याहून स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह गेले, तेव्हा त्या टप्प्यावर २४ उपकरणं बसवलेली होती. या फलाटाचं नाव पोएम-४. त्यात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या बंद डबीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि पाठोपाठ पानंही फुटली. आणि आपल्या पनवेलजवळच्या अमिटी विद्यापीठ, मुंबईनं पाठवलेल्या डबीत पालक होता. भाजीच्या रूपातला नव्हे. मूळ, खोड, पान असं कुठलंच रूप अजून न घेतलेल्या पेशींचा गोळा. तसाच जुळा संच जमिनीवर ठेवलेला होता, म्हणजे वाढीत फरक पडला तर तो वजनाच्या नावावर मांडता यावा.

वनस्पतींना खाली-वर कळतं ते मुळाच्या टोकातल्या पेशींत असलेल्या स्टार्चच्या जड कणांमुळे. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि मूळ त्या बाजूला वळतं. यानातल्या बारीकसारीक त्वरणांत या कणांना तळ सापडत नाही, आणि मोडाचं मूळ वाट्टेल तिकडे जाऊ शकतं. अडाणी वाटणाऱ्या त्या चवळीच्या दाण्यात एक त्वरणमापक आहे, हे कळल्यापासून मोड आलेली उसळ खाताना मला उगाच संकोच वाटतो.

पोएम-४ ला मुद्दाम ३५० किलोमीटरवर उतरवलेलं होतं. तिथे हवा अधिक, ब्रेक अधिक, आणि काम संपल्यावर कचरा होऊन वर राहण्याऐवजी ते आपोआप खाली यावं हाच हेतू. ४ एप्रिल २०२५ ला ते हिंदी महासागरावर वातावरणात शिरलं. सगळं आयुष्य ९५ दिवसांचं, आणि ते संपवलं त्याच नखाएवढ्या ब्रेकनं.

मग खरं शून्य कधी कुणी गाठलं का? जवळ जाण्याची एक रीत आहे आणि ती ऐकली की मन थक्क होतं. यानाच्या पोटात एक पोकळी करायची, तिच्यात धातूचा एक ठोकळा कशालाही न टेकवता सोडायचा. त्याला हवा लागत नाही, सूर्यप्रकाश लागत नाही, तो निव्वळ पडतो. हवा किंवा प्रकाश यानाला ढकलू लागला की पोकळीची भिंत ठोकळ्याकडे सरकते. ते मोजायचं आणि इवल्या झोतांनी यानालाच बाजूला घ्यायचं. म्हणजे ठोकळा यानात नसतो, यान ठोकळ्यामागे फिरत असतं. युरोपनं ३ डिसेंबर २०१५ ला सोडलेल्या लिसा पाथफाइंडर यानात सोनं आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे असे दोन ठोकळे होते, प्रत्येकी सुमारे दोन किलोचे, एकमेकांपासून ३८ सेंटीमीटरवर. यानाच्या स्वतःच्या सामानाचं गुरुत्वाकर्षणसुद्धा त्यांना डळमळवेल म्हणून आतल्या प्रत्येक वस्तूची जागा हिशेबानं ठरवावी लागली. त्या दोघांमधली डळमळ एक जीच्या कोटीच्या कोटीव्या भागाच्याही शंभराव्या हिश्शाच्या आसपास आणून दाखवली गेली.

हा सराव होता लिसा मोहिमेचा. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तीन यानं, प्रत्येकात असेच पडते ठोकळे, आणि त्यांच्यामधल्या अंतरातल्या अतिसूक्ष्म बदलावरून गुरुत्वीय लहरी टिपायच्या. इतक्या लांबच्या, सतत बदलणाऱ्या अंतरांमुळे लेझरचा स्वतःचा गोंगाट मोजमापात मिसळतो आणि लहर त्यात बुडून जाते. तो गोंगाट गणितानं वजा करण्याची बीजगणिती रीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांनी राजेश नायक आणि फ्रान्सचे व्हिने यांच्यासह २००२ मध्ये मांडली. युरोपियन अंतराळ संस्थेनं लिसाला जानेवारी २०२४ मध्ये अंतिम मंजुरी दिली आणि उड्डाण २०३५ मध्ये ठरलं आहे.

अशाच लहरी जमिनीवरून टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेचं काम हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मंजूर झालं आहे. तिचे दोन हात प्रत्येकी चार किलोमीटरचे असतील. पण जमीन सतत हलते, म्हणून जमिनीवरच्या अशा यंत्रांना सेकंदाला सुमारे दहापेक्षा कमी कंपनांच्या लहरी ऐकू येत नाहीत. आकाशगंगांच्या मध्याशी असलेली प्रचंड कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात तेव्हा उठणाऱ्या लहरी त्याहून कितीतरी संथ असतात, आणि त्या ऐकण्याचं काम लिसाच्या पडत्या ठोकळ्यांकडे आहे.